ठेंगणीच्या पोटात

४ जानेवारी

अक्का,

ठेंगणी गाभण आहे की नाही, एवढंच विचारायला लिहिते आहे. बाकी काही विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही.

फोन केला असता. पण फोनवर मी रडते आणि तू ठेवून देतेस, म्हणून हे बरं. चिठ्ठी शेजारणीच्या हाती देते. ती फाट्यावर जाऊन दुपारच्या गाडीच्या कंडक्टरला देईल. गाडी तुझ्याच घरातला माणूस चालवतो, तेव्हा पोचायला अडचण नसावी. ज्या गाडीने सात वर्षं आपलं दूध गेलं, त्याच गाडीच्या ड्रायव्हरबरोबर तू जाशील हे मला कॅन चढवताना कधी सुचलं नाही. असो.

ठेंगणीची कास भरायला लागली आहे. आपल्या शेळ्यांतल्या तिच्याबरोबरच्या दोन्ही पाठी तिच्या दीडपट झाल्या, ही मात्र अजून त्यांच्या पोटाखालून निघून जाईल एवढीच. तू बाटलीवर वाढवलीस तेव्हापासून हिच्या अंगाला काही लागतच नाही. पुढच्या वर्षीही हिला बोकडाकडून भरवायची नाही असं तू बजावलं होतंस. मी भरवली नाही.

पण सप्टेंबरात एक दिवस आपला बोकड, आचारी, सुटला होता.

एप्रन नव्हता बांधलेला. तू ताडपत्रीचा शिवलास तो एप्रन धड आहे, फाटलेला नाही, खुंटीला आहे. इतकी वर्षं तो बोकड पोटाशी एप्रन लावून हिंडतोय, माजावरची शेळी हुंगून दाखवतोय आणि पुढच्या कामाला दुसरा बोकड येतोय. त्या एका दिवशी त्याला पूर्ण नोकरी मिळाली म्हण. मी घरी नव्हते. परत आले तेव्हा तो पाठींच्या कप्प्यात मजेत रवंथ करत बसला होता. बाकी दोघी त्या दिवशी माजावर नव्हत्या. ठेंगणी सकाळपासून शेपूट हलवत ओरडत होती, ते मी पाहिलं होतं.

मी काही गप्प बसले नाही. दुसऱ्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला बोलावून तिला गर्भ पाडायचं इंजेक्शन दिलं. तो म्हणाला, "बाई, आता निश्चिंत झोपा." मी झोपले. इतके महिने झोपले. आता ही कास.

खाऊन जाडी झाली असेल का? नुसत्या जाडीने कास भरते का? एवढंच कळव.

अक्षर वाकडं आलंय. टेबलाचा पाय डुगडुगतो.

तुझी बहीण


९ जानेवारी

अक्का,

तुझी चिठ्ठी मिळाली. गाडीच्या हिशोबाच्या कागदामागे चार ओळी. नवरा ड्रायव्हर असल्याचा एवढा तरी फायदा झाला, कागद फुकट.

"दुसऱ्या दिवशी दिलेलं इंजेक्शन पाण्यात गेलं. निदान आठवडा जाऊ द्यावा लागतो, त्याआधी ते धरत नाही. कंपाउंडरला कळत नाही, पण तुला कळायला हवं होतं. आणि एप्रन न बांधता बोकड मोकळा सोडून गावभर फिरायला जाणारी तू जगातली पहिलीच."

वाचलं. दोनदा वाचलं. गावभर फिरायला मी गेले नव्हते. कुठे गेले होते ते सांगत नाही, कारण तू विचारलेलं नाहीस, तू ठरवलंयस. आणि इंजेक्शन कधी द्यायचं हे मला कळायला हवं होतं ते कसं? तू इथे असताना ते सगळं तुझ्या डोक्यात असायचं. तू गेलीस तेव्हा डोकं बरोबर घेऊन गेलीस. गोठ्यात फक्त शेळ्या ठेवल्यास.

हे फाडून पुन्हा लिहिणार होते. पण एक पान लिहायला मला हल्ली फार वेळ लागतो, तेव्हा राहू दे.

तू सांगितलंस तसं पाहिलं. मागे उभं राहून, तिला दोन गुडघ्यांत धरून, कासेच्या पुढे पोटाखाली दोन्ही हात घालायचे, हलकेच वर उचलायचं आणि सोडायचं. आत काही असेल तर ते वर जाऊन परत हातावर येतं. तू हे चालता चालता करायचीस, जसं कुणी कलिंगड वाजवून बघावं. मी डावा हात लावला आणि उजव्या बाजूला शेजारणीचा हात लावला. माझ्या उजव्या हाताला थंडीत काही कळत नाही.

तू शेजारणीला रेडिओ म्हणायचीस. आता सगळेच म्हणतात.

"काही लागतंय का?" मी विचारलं.

"लागतंय."

"काय?"

"पोट."

"अगं पोटाच्या आत!"

"आत कसं लागेल? हात बाहेर आहे माझा." मग एकदम गप्प झाली. रेडिओ गप्प झाला की मला भीती वाटते. म्हणाली, "थांब. काहीतरी टणक येऊन टेकलं. आणि गेलं."

मला काहीच लागलं नाही. पण मी रेडिओचा चेहरा पाहिला आणि डॉक्टरीणबाईंना निरोप पाठवला. त्यांच्याकडे सोनोग्राफीचं छोटं मशीन आहे, बॅगेतून आणतात. या भागात त्या एकट्याच, कधी येतील ते त्यांच्या जीपलाही माहीत नसतं.

ठेंगणी बरी आहे. खाते. तुझ्या जुन्या स्वेटरचं अंथरूण तिला घातलंय. तू स्वेटर नेला नाहीस म्हणून म्हणते आहे, टोमणा नाही.

तुझी बहीण


१५ जानेवारी

अक्का,

आहे.

डॉक्टरीणबाई काल दुपारी आल्या. ठेंगणीला मी भिंतीशी धरलं, म्हणजे रेडिओने धरलं आणि मी तोंडाशी उभी राहिले. मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे केस नसतात, तिथे त्यांनी ती थंड जेली लावली. ठेंगणीने माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच लावली. मशीनवर पहिल्यांदा नुसता राखाडी धूर दिसत होता. मी मनात म्हटलं, पाणी असू दे. कधी कधी शेळीच्या पिशवीत नुसतं पाणी भरतं, कास भरते, सगळं गाभणीसारखं होतं आणि आत कुणी नसतं, हे तूच सांगितलं होतंस. मी कधी कुणासाठी असं मागितलं नव्हतं, आत कुणी नसू दे म्हणून.

मग धुरातून बरगड्या दिसल्या. कंगव्याच्या दातांसारख्या, एका ओळीत. त्यांच्या मागे काहीतरी फडफडत होतं.

"हृदय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"किती आहेत?"

"एकच दिसतंय. आता पोट इतकं भरलंय की दुसरं मागे दडलेलं असू शकेल, पण मला नाही वाटत." त्यांनी डोक्याची रुंदी मापली, पुन्हा मापली. "बोकड कोण होता?"

मी बाहेर आचाऱ्याकडे बोट दाखवलं. तो गव्हाणीवर पुढचे पाय ठेवून झाडाचा पाला ओढत होता. उभा असा माझ्याहून उंच दिसतो. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि पुसला.

दोन असती तर बरं होतं, त्या म्हणाल्या. दोन लहान असतात, वाटेतून निघतात. एकच असलं की सगळं खाणं त्यालाच जातं. आणि हिची वाट अरुंद.

मी विचारलं, आता इंजेक्शन नाही का देता येणार? तर त्यांनी ठेंगणीची पापणी खाली ओढून मला दाखवली. आतून गुलाबी हवी, ती पांढरट आहे. अंगात रक्त नाही. जंत असणार. "आज पाडलं आणि वार अडकली किंवा रक्त गेलं, तर ही उठणार नाही. पोट कापायचं तर शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागेल, आणि भूल झेपेल का ते मी सांगू शकत नाही. जंताचं औषध देते, ताकदीचं देते. महिनाभर मिळतोय तो घेऊ या. सगळ्यात चांगलं म्हणजे तिने स्वतःच व्यायला हवं, आणि जवळ कुणीतरी लहान हाताचं माणूस हवं. मी येईन. पण मी त्या दिवशी कुठे असेन याचा भरवसा धरू नका."

मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचे तर लहानच आहेत." आणि मग पुन्हा पाहिलं.

तू काय म्हणतेस ते लगेच कळव. खुराक द्यायचा की तोडायचा? दिला तर पोटातलं वाढतं. नाही दिला तर हीच खलास होते.

तू इथे असतीस तर काय केलं असतंस, असं विचारणार नव्हते. विचारते आहे.


२७ जानेवारी

अक्का,

खुराक तू सांगितलास तसा. सकाळी मूठभर, संध्याकाळी मूठभर, बाकी कोवळा पाला आणि कोरडा चारा. मूठ माझी की तुझी, ते तू लिहिलं नाहीस. मी माझी धरली. रोज तिचं तोंड हुंगते. गोडसर वास आला की समजायचं, उपाशी पोट स्वतःलाच खायला लागलंय. परवा मला वास आला असं वाटलं आणि मी घाबरून दोन मुठी जास्त दिल्या. मग रेडिओ म्हणाली, तो वास तिचा नाही, तुझ्या चहाचा आहे. दोन मुठी जास्त गेल्या त्या गेल्या. रात्रभर त्या दोन मुठींनी आत काय वाढलं असेल याचा विचार करत पडले.

पापणी जरा गुलाबी झाली आहे. पोट आता उजवीकडे खाली उतरलंय आणि ती चालताना झुलते. बसली की उठताना आधी विचार करते, जशी आपली आई शेवटी शेवटी करायची. काल तिच्या कुशीवर हात ठेवला तर आतून लाथ बसली. माझ्या डाव्या तळव्याला स्पष्ट बसली. ज्याने तिचा जीव जाऊ शकतो त्याने मला लाथ मारली आणि मी हसले. मला माझाच राग आला.

आता तुझी चिठ्ठी. ही पाठपोट आहे, म्हणजे तुला काळजी आहे हे मला कळतं.

तू लिहिलंस: नखं काप. कोपरापर्यंत साबण लाव, मग तेल. कळ असेल तेव्हा हात थांबव, कळ ओसरली की पुढे सरक. आधी दोन पाय शोध, मग त्यांच्यावर नाक आहे का बघ. पाय आहेत आणि नाक नाही, तर मान मागे वळलेली आहे. ओढू नको, ओढलंस तर दोघं जातील. करडू आत ढकल, जबडा शोध, डोकं वळवून आण. आणि शेवटी: "माझ्यापेक्षा तुझे हात बारीक आहेत. आईसुद्धा अडलेल्या शेळीला तुलाच पुढे करायची. तुला जमेल. मी येऊन काय करणार?"

हे मी जेवताना वाचलं आणि ताट तसंच ठेवून उठले.

तू असं लिहायला नको होतंस. म्हणजे तू बरोबरच लिहिलंस. तुझ्या जागी मीही तेच लिहिलं असतं.

रेडिओ म्हणते, "खरं काय ते सांगून टाक ना तिला." मी म्हटलं, तू चिठ्ठ्या पोचवायचं काम कर, बातम्या द्यायचं नाही. ती म्हणाली, "मग माझं नाव तरी बदला." तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आली, धारा काढल्या आणि न बोलता गेली. अक्का, न बोलता.

धारा ती का काढते असं तू विचारशील. मला कंटाळा येतो म्हणून.

तुमचं घर कसं आहे? ड्रायव्हर सकाळी किती वाजता निघतात? तू एकटी काय करतेस दिवसभर? पहिल्यांदाच विचारते आहे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, आधी ठेंगणीचं लिही.


८ फेब्रुवारी

अक्का,

ये.

हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसला तरी कळेल.

माझा उजवा हात मनगटात वाकडा बसलाय. मूठ मिटत नाही. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना लागत नाहीत. या सगळ्या चिठ्ठ्या मी डाव्या हाताने लिहिल्या. टेबलाच्या पायाला काही झालेलं नाही.

त्या दिवशी सप्टेंबरात मी एप्रनच बांधत होते. तू बांधायचीस तसंच, एक गुडघा त्याच्या छातीशी, मान काखेत. पण ठेंगणी ओरडत होती आणि तो माझं ऐकतोय थोडाच. त्याने मला भिंतीवर घेतलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. रेडिओने मला रिक्षात घातलं, आणि दवाखान्यात फोटो, प्लास्टर, रांग यात अख्खा दिवस गेला. गोठ्याचं दार कुणी लावलं नाही. लावणारं कोण होतं? दुसऱ्या दिवशी ताप होता मला. कंपाउंडरला मी अंथरुणातून सांगितलं, इंजेक्शन द्या, आजच द्या. कधी द्यायचं हे तुला फोन करून विचारता आलं असतं. मी केला नाही.

का केला नाही हे मी या पाच महिन्यांत स्वतःला वेगवेगळं सांगितलं. एक असं, की तुझ्या लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. बावन्न वर्षांच्या बाईने घर मांडलंय, तिथे मोडका हात घेऊन कशाला जा. तुला कळलं असतं तर तू पहिल्या गाडीने परत आली असतीस, आणि मग गेलीच नसतीस. दुसरं असं, की तू मला न सांगता गेलीस. सकाळी कॅन चढवलेस आणि पाठोपाठ स्वतः चढलीस. मी फाट्यावर उभी राहून तुला हात केला, मला वाटलं बाजाराला चाललीस. मग मी कशाला सांगू माझं? यातलं खरं कोणतं ते मला ठरवता येत नाही. बहुतेक दोन्ही.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले होते, रोज व्यायाम करा. मी शेळ्या पाहिल्या.

ते सगळं राहू दे. ठेंगणीच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंचे स्नायू सैल पडायला लागलेत. बोटांनी दाबलं की लोण्यासारखं लागतं. कास ताणून चकाकतेय. डॉक्टरीणबाईंची जीप बिघडली आहे आणि त्या कुणाच्या तरी मोटरसायकलवर फिरताहेत. रेडिओला मी हात घालायला सांगितलं तर ती नुसत्या कल्पनेने खाली बसली.

तू आलीस तर मी काही बोलणार नाही. भांडणार नाही, रडणार नाही. नंतर लगेच परत जा. फक्त तिला मरू देऊ नकोस. तिला बाटलीने पाजताना तू मांडीवर घ्यायचीस आणि मला म्हणायचीस, बघ, हिला मी सोडून आहे तरी कोण. मला तेव्हा हसू यायचं.

ही चिठ्ठी रेडिओ कंडक्टरकडे देणार नाही. तिला सांगितलंय, ड्रायव्हरच्या हातात दे, आणि म्हणावं गाडी थोडी जोरात चालवा.


१३ फेब्रुवारी

ड्रायव्हरसाहेब,

तुम्ही परवा मला इथे उतरवलंत तेव्हा "उद्या संध्याकाळी परत नेतो" म्हणाला होतात. काल तुम्ही हॉर्न वाजवलात तो मी ऐकला, पण बाहेर येण्यासारखी नव्हते. म्हणून हे लिहिते. माझं लिहिणं तुम्हाला माहीत आहे, चार ओळींच्या वर जात नाही. आज जाईल.

शेळी काल सकाळी बसली. पाणी फुटलं, दोन खूर दिसले आणि पुढे काही नाही. तासभर वाट पाहिली. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्या दोन गावं पलीकडे एका गाईत अडकल्या होत्या. मी साबण-तेल लावून हात घातला. माझा हात जाईना. नुसती बोटं जात होती, अंगठ्याच्या हाडाशी आला की अडकायचा. आणि ठेंगणी अशी ओरडत होती की शेजारीण कान झाकून अंगणात जाऊन बसली. आत जेवढं लागलं त्यावरून मला कळलं, पाय आहेत, नाक नाही. मान मागे.

मी बहिणीला म्हटलं, तू घाल.

ती म्हणाली, "अक्का, माझा हात बघ तरी."

"डावा घाल."

"डाव्याने मला सुईत दोरा ओवता येत नाही!"

"आत दोरा ओवायचा नाहीये. शेळीला डावा-उजवा कळत नाही. बस खाली."

ती बसली. मी शेळीचं डोकं मांडीवर घेतलं आणि बहिणीच्या तोंडाकडे पाहत राहिले, कारण आतलं मला दुसरं कुठे दिसणार होतं. तिचा हात मनगटाच्या वर गेला. कळ आली तेव्हा तिने ओठ चावला, मी म्हटलं, थांब, ओढू नको. कळ गेली. "काय लागतंय?" "पाय. गुडघा. वर मान आहे. मान वळून मागे गेली आहे." "छातीला धरून आत रेट." "रेटते आहे." "आता मानेवरून पुढे जा. कान लागेल." "लागला." "त्याच्या पुढे." "डोळा आहे, अक्का, डोळ्याची खोबण." "तिथे दोन बोटं अडकव. तिसरं बोट जबड्याखाली." तिच्या कपाळावरून घाम तिच्या डोळ्यात जात होता, पुसायला हात नव्हता. उजवा नुसता हवेत धरलेला, वाकडा. तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट पाहिला.

"आलं," ती म्हणाली. "डोकं आलं."

पुढचं आम्ही दोघींनी मिळून ओढलं. बोकड होता. बापासारखाच दांडगा. तोंडातला चिकटा काढला, गवताने चोळला, उलटा धरून झटकला, नाकात काडी घातली. नाही झालं. तो बहुतेक आधीच गेला होता. बहीण त्याला चोळतच राहिली, मी थांबवलं तेव्हा थांबली.

ठेंगणी जगली आहे. दुपारपर्यंत आडवी होती, मला वाटलं गेली. मग वार पडली, आणि मग ती उठली, पडली, उठली. कोमट पाणी प्याली. डॉक्टरीणबाई संध्याकाळी आल्या, आतून थोडं फाटलंय म्हणाल्या, इंजेक्शनं दिली. म्हणाल्या, मान कुणी वळवली? मी बहिणीकडे बोट दाखवलं. त्यांनी तिचा उजवा हात धरून पाहिला आणि मलाच रागावल्या. म्हणाल्या, बोटं इतकी आखडेपर्यंत घरातले काय करत होते? रोज गरम पाण्यात शेकून दुसऱ्याने बोटं मिटवून द्यायला हवी होती. अजूनही करा, सगळी नाही तरी थोडी मूठ येईल.

त्या गेल्यावर मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. लहानपणी घालायचे तसा. ती म्हणाली, "मी भांडणार नाही असं लिहिलंय." मी म्हटलं, मी कुठे लिहिलंय? मग भांडलो. चांगले तासभर भांडलो. मी न सांगता का गेले, ते तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं, की सांगितलं असतं तर मी गेले नसते. तिचा चेहरा पाहून माझा पाय निघाला नसता. ती म्हणाली, माझंही तेच होतं. मग शेजारीण चहा घेऊन आली आणि म्हणाली, झालं असेल तर मला आता बोलायची परवानगी आहे का?

आता मुद्द्याचं. मी लगेच येत नाही. बोटं रोज मिटवायला कुणीतरी हवं आणि शेजारीण जोरात दाबते. बहीण म्हणते, "दया आली म्हणून थांबू नकोस." मी म्हटलं, तुझी दया कुणाला येणार आहे. तुम्ही रागावणार नाही हे मला माहीत आहे, तरी रागावलात तर तसं कंडक्टरबरोबर कळवा. माझे दोन ड्रेस आणि गुडघ्याचं मलम पाठवा. रविवारी तुम्हाला सुट्टी असते, तेव्हा तुम्हीच या. इथली छताची पन्हळ गळते.

हे लिहिताना ती गोठ्यात ठेंगणीच्या धारा काढते आहे. पोर गेलं तरी कास भरलीय, रिकामी नाही केली तर दगड होईल. मी दाराबाहेर बसले आहे. डाव्या हाताची धार कुठे जाते आहे ते ऐकू येतंय, एक भांड्यात, दोन जमिनीवर. शेळीही वैतागली आहे, बहीणही. मधेच भांडं उलटल्याचा आवाज आला आणि तिने ठेंगणीला अशी शिवी दिली जी आमच्या आईला ऐकवली नसती. मग पुन्हा धार सुरू झाली. मी आत गेले नाही.

चीकच आहे अजून, विकायचा नाही. पण थोडा तुमच्यासाठी बाजूला काढणार आहे असं बहीण म्हणते, आणि उद्या दुपारी फाट्यावर स्वतःच घेऊन येणार आहे. मी पाठवत नाहीये. तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून घेऊ नका. गाडी बंद करा आणि खाली उतरा.